राखीव गाडीचे थांबे

माझा मामा एकतीस वर्षं सिटी बस चालवतोय आणि मामी त्याच्या बसमध्ये एकदाही बसलेली नाही. त्याचा मार्ग आमच्या बाजूला येतच नाही, आणि सुट्टीच्या दिवशी बसचं नाव काढलं की मामा कूस बदलून झोपतो.

यंदा कामगार दिनाला डेपोने त्याचा सत्कार ठरवला आणि घरच्यांना सभागृहात आणायला चक्क बस दिली, ती मामानेच चालवायची. मामीचे पाय जमिनीवर ठरेनात. मामाचं नाव माइकवरून पुकारलेलं तिला एकदा ऐकायचं होतं. सत्कार दहाचा, पण ही बया सातलाच नटून तयार.

बसच्या काचेवर 'राखीव' अशी पाटी. मामी पहिल्या सीटवर, मी तिच्या मागे. पहिला थांबा आला, बस थांबली, दार उघडलं. मामाने गोंधळून स्वतःच्याच पायाकडे पाहिलं. तोवर पावाचा ट्रे घेतलेला बेकरीवाला आत शिरलासुद्धा होता.

पुढच्या थांब्याला मामाने दात-ओठ खाल्ले, तरी पाय ब्रेकवर गेलाच. सुट्टीमुळे बस कमी, माणसं ताटकळलेली. झाडूवाल्या दोघीजणी चढल्या, मग एक वॉचमन, मग लांबलचक पाइप घेतलेला प्लंबर. कामगार दिनाची सुट्टी सगळ्यांना, फक्त कामगारांना नाही. प्लंबरचा पाइप खिडकीबाहेर, पावाचा ट्रे वॉचमनच्या मांडीवर, आणि आमची राखीव गाडी खच्चून भरलेली. मामीचा पारा चढत होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

मग एक नर्सबाई धापा टाकत चढल्या. त्यांची ड्युटी दहाची, आणि त्या पोचल्याशिवाय रात्रपाळीची बाई घरी जाऊ शकत नव्हती. हॉस्पिटल उजवीकडे, सभागृह डावीकडे, दहाला दहा कमी. चौकात बस उभी करून मामाने आरशातून मामीकडे पाहिलं.

"बघता काय?" मामी म्हणाली. "उजवीकडे घ्या."

मग तर तिच्या अंगात कंडक्टरच शिरला. पुढे सरका, दार मोकळं ठेवा, पाइप आत घ्या, असं सगळ्यांना दटावत तिने नर्सबाईंना वेळेत उतरवलं. बेकरीवाल्याने खूश होऊन बसभर पाव वाटले. तोंडात पाव कोंबून आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो, झाडूवाल्या बायका तर डोळे पुसत होत्या.

उरलेल्यांना एकेक करून सोडत सभागृहात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, खुर्च्या रचून झाल्या होत्या. माइकची वायर गुंडाळणाऱ्या माणसाने मामाच्या हातात प्रशस्तिपत्र ठेवलं. नाव तीनदा पुकारलं म्हणे. मामाचं तोंड एवढंसं झालं.

"तुला ऐकायचं होतं ना गं," तो पुटपुटला.

मामीने तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

"एकतीस वर्षं उशिरा येता म्हणून मी तुमच्याशी भांडत आले," ती म्हणाली. "आधीच एकदा गाडीत बसवलं असतंत, तर नसते भांडले."