बेटावर जायचं म्हणून आईने कोयता घेतला

मित्रहो, दुपारी पोट धरून हसलो होतो. आता मात्र बॅगेकडे बघवत नाही.

परवा आम्ही नवराबायको अंदमानला निघतोय. जव्हारच्या घरी बॅग भरताना कपड्यांखाली आईचा कोयता सापडला. कापडात गुंडाळलेला, नुकतीच धार लावलेला. आई मूळची खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची, आता आमच्याकडेच असते.

"आई, विमानात कोयता?"

"तूच बोललास ना, आपून बेटावर जायाचा? मंग बांबू तोडाया नको?"

आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचंच. आम्ही दोघं हसत सुटलो. मग तिला समुद्रातलं बेट समजावलं.

"चारी अंगाला पाणीच?" तिने विचारलं. डहाणूचा समुद्र आमच्याच जिल्ह्यात, पण तोही तिने पाहिलेला नाही.

कोयता सोडवताना कापड नीट पाहिलं. तिचं ठेवणीतलं लुगडं होतं.

तिकिटं आमच्या दोघांचीच. तिला विचारावं, हे सुचलंच नव्हतं. लुगड्याची घडी घालत ती एवढंच म्हणाली, "जाऊन या. कोंबड्या बघाया कोणी पायजे."

घरात 'आपण जाऊ' म्हणताना, त्या 'आपण'मध्ये तुम्ही कोणाकोणाला धरता?