वाहत्या पाण्याचा नारळ

मला वासाचं फार कळतं, आणि त्याचा मला आयुष्यभर त्रासच झाला आहे. मस्कतच्या अल खौद भागात मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचे. म्हणजे दिवसभर लोकांची किडकी तोंडं माझ्यासमोर उघडायची आणि मी हसून अपॉइंटमेंट द्यायचे. त्यामुळे सासूबाईंनी गावाहून पाठवलेलं गाठोडं आमच्या फ्लॅटमध्ये आलं, तेव्हा ते कुणी आणि कशासाठी पाठवलं हे वासावरूनच कळलं, मला कुणी सांगावं लागलं नाही.

नवऱ्याच्या गावचा एकजण रजेवरून परतला होता. मस्कतहून गावी जाणाऱ्याने सगळ्यांचं सामान न्यायचं आणि गावाहून येणाऱ्याने सगळ्यांचं आणायचं, ही आमच्याकडची रीत. तर त्याच्या बॅगेत सुक्या बांगड्यांच्या शेजारी बसून हे गाठोडं आलं. लाल कापडात शेंडीचा नारळ, सुपाऱ्या, हिंग, कसलीशी मुळी आणि दोन लिंबं. लिंबांना वाटेतच पाणी सुटलं होतं. गावात देवाचं बघणारा जो घाडी असतो, त्याने ते मंतरून दिलं होतं. अमावास्येपर्यंत ते माझ्या उशाखाली ठेवायचं, मग वाहत्या पाण्यात सोडायचं. सोडून झाल्यावर मागे वळून बघायचं नाही, आणि ते परत आपल्या दाराला लागता कामा नये. मला मूल व्हावं म्हणून हे सगळं.

आता खरं काय ते सांगते. मूल न होण्याचं कारण आम्हा दोघांनाही केव्हाच कळलं होतं. मस्कतमधल्या एका डॉक्टरणीने आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं की दोष नवऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो औषधाने जाण्यातला नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर तो म्हणाला, आईला एवढं कळू देऊ नकोस. मला त्याची दया आली आणि मी हो म्हटलं. त्यानंतरच्या प्रत्येक रजेत मी त्या दयेची फळं खाल्ली. झाडांना फेऱ्या मी मारल्या, कडू काढे मी प्यायले, कुणाकुणाच्या अंगात आलेल्या देवांसमोर मान खाली घालून मी बसले. शेजारणी पदराआडून माझ्या पोटाकडे बघायच्या. आणि हा ओसरीवर बसून निवांत शेंगा सोलत असायचा.

तो मस्कतमधल्याच अझैबाच्या एका कंपनीत एसी दुरुस्तीचा सुपरवायझर होता. उन्हाळ्यात अख्खं ओमान त्याच्या नावाने शंख करायचं, म्हणून रजा मिळायची ती थंडीतच. त्या वर्षी नोव्हेंबर जवळ आला तसं मी जाहीर केलं की गावी येणार नाही. कुठे जायचं मग, असं त्याने विचारलं. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे, असं मी म्हटलं. त्याने आठवडाभर मोबाइलवर शोधून व्हेनिसचं स्वस्तातलं तिकीट काढलं. पावसापाण्याच्या दिवसांत तिथे कुणी फारसं जात नाही म्हणून ते स्वस्त होतं, हे नंतर कळलं. मी एकच अट घातली. या रजेत, परत यायच्या आत, त्याने आईला खरं सांगायचं. तो म्हणाला, "इन्शाल्ला." मी म्हटलं, इन्शाल्ला नको, हो की नाही ते सांग. फ्रीजकडे बघत तो हो म्हणाला.

गाठोड्याचा प्रश्न राहिलाच होता. उशाखाली ते मी ठेवलं नाही, त्यानेच बाल्कनीत ठेवलं, आणि कपडे वाळत घालताना मी श्वास रोखून धरायचे. ओमानमध्ये वाहतं पाणी आणायचं कुठून? वाद्या, म्हणजे तिथल्या नद्या, कोरड्याठाक. समुद्र चालणार नाही, असं सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, समुद्र सगळं परत आणून टाकतो म्हणून. एका शुक्रवारी आम्ही रुस्ताकला गेलो. तिथे डोंगरातून आलेला पाण्याचा पाट आहे, त्याला फलज म्हणतात. काचेसारखं स्वच्छ पाणी. एक म्हातारा काठावर बसून हातपाय धूत होता आणि वरच्या अंगाला बायका भांडी भरत होत्या. नवऱ्याचा हात पिशवीत गेलेला बघून माझं टाळकं सरकलं. लोक पितात ते पाणी, असं मी त्याला दातओठ खात सांगितलं. म्हाताऱ्याने आम्हाला खजूर दिले. ते खाऊन आम्ही गाठोड्यासकट परत आलो.

व्हेनिसला खोलीवर पोचून बॅग उघडली, तर माझ्या स्वेटरला हिंगाचा आणि सडक्या लिंबाचा वास. दशम्यांना तोच, चटणीला तोच. तळाशी लाल कापड. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, इथे तर गल्लोगल्ली वाहतं पाणी आहे, आईलाही फोटो दाखवले, ती खूश झाली. गेल्या कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर मी एवढा उत्साह बघितला नव्हता. मला शिसारी आली. म्हणजे हे तिकीट माझ्यासाठी नव्हतं, नारळासाठी होतं.

खोलीचं तर विचारूच नका. तळमजला, भिंतींना ओल, गादीला बुरशीचा वास. मागच्या बाजूला एक दार थेट कालव्यात उघडायचं, दोन पायऱ्या उतरल्या की पाणी. पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, आणि त्या शेवाळात कुणीतरी टाकलेली सिगारेटची थोटकं. पाण्याचा रंग भांडी घासून झाल्यावर बादलीत उरतो तसा. बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी आणखी एक बसकं भांडं होतं. ते शौचानंतर धुण्यासाठी असतं हे मला पाहताक्षणी कळलं, पण मी सांगायच्या आत नवऱ्याने त्यात साबण घालून मोजे भिजवले होते.

बाहेर पडलो तर माणसंच माणसं. कुणी येत नाही म्हणून तिकीट स्वस्त, मग ही सगळी कुठून उगवली होती देव जाणे. प्रत्येक पुलावर लोक बॅगा आपटत चढत होते आणि मध्येच थांबून फोटो काढत होते. चौकात कबुतरं अंगाखांद्यावर बसवून घेत होते, ज्या पक्ष्याला आमच्याकडे बाल्कनीतून झाडूने हाकलतात त्याला. भरतीचं पाणी फरशीवर चढलं होतं आणि लोक त्यातून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिक चढवून हसत चालले होते. गटाराचं पाणी आणि हे पाणी काय वेगवेगळं येतं? मी एका देवळासारख्या इमारतीच्या पायरीवर बसून दशमी काढली, तर गणवेशातल्या एका बाईने बोटाने नाही नाही करत मला उठवलं. त्या दशमीला हिंगाचा वास होता, तरी उठवल्याचा राग आला. एका पुलावरून सूर्य मावळताना सगळं पाणी गुलाबी झालं होतं, ते चांगलं दिसत होतं, हे मी कबूल करते. तेवढ्यात गुलाब विकणारा एक बांगलादेशी आला आणि हिंदीत म्हणाला, "दीदी, बच्चों को किसके पास छोड़ के आई?"

इतक्या लांब येऊनही तेच. नवरा पाण्याकडे बघत राहिला. मी त्या माणसाला सांगितलं, नाहीत. त्याने कीव आल्यासारखं एक फूल फुकट पुढे केलं. ते मी घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने गाठोडं बाहेर काढलं. खोलीजवळच्या छोट्या पुलावर आम्ही उभे राहिलो. खालून संथपणे पाणी जात होतं, त्यावर एक प्लॅस्टिकचा ग्लास चालला होता. त्याने चप्पल काढली आणि दोन्ही हातांत गाठोडं धरून गावच्या पद्धतीने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने सांगणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. इथे बाकीचे म्हणजे मी एकटी.

"बा देवा म्हाराजा, हिच्यात जो काय दोष आसात, तो दूर कर रे म्हाराजा."

आणि होकारासाठी तो माझ्याकडे बघू लागला.

मला लाज वाटली, त्याची. आईसमोर तो खोटं बोलतो हे मी समजू शकत होते, आईला घाबरणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. पण इथे आई नव्हती, शेजारीण नव्हती, मराठी कळणारं काळं कुत्रं नव्हतं. इथेही तो देवाशी खोटं बोलला, आणि माझी साक्ष मागत होता. मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. शेवटी त्याने स्वतःच हळूच 'होय म्हाराजा' म्हटलं, गाठोडं खाली सोडलं आणि मागे न बघता खोलीकडे चालू लागला. मी मात्र वळून बघितलं. नारळ हेलकावे खात निघाला होता.

सकाळी कसला तरी भोंगा वाजला. वरच्या मजल्यावरची मालकीण जिन्यातून ओरडून काहीतरी सांगून गेली, ते पाणी चढण्याबद्दल असावं, कारण मागच्या दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं होतं. आम्ही बूट आणि बॅगा पलंगावर चढवल्या आणि त्यांच्यामध्ये पाय वर घेऊन बसलो. तेवढ्यात गावाहून व्हिडिओ कॉल आला. ओमानमध्ये असे कॉल लागत नसत, म्हणून सासूबाईंना भारी नवल. दिराने फोन धरला होता आणि त्या ओसरीवर नऊवारी सावरून बसल्या होत्या, मागे दोन शेजारणी.

"सोडलंस मा?" त्यांनी विचारलं.

"सोडलंय गे आये," तो म्हणाला. ठरलेलं सांगण्याचं त्याने नावही काढलं नाही. तिकडची हवा, इकडची थंडी, जेवण काय केलं, असं सुरू झालं.

मघापासून मागच्या दारावर काहीतरी टकटक आपटत होतं. मी उठले, घोटाभर गार पाण्यातून गेले आणि दार उघडलं. पाण्याबरोबर नारळ आत आला. लाल कापड अर्धं सुटलेलं, शेंडीला शेवाळ, काळा तेलकट थर आणि एक सिगारेटचं थोटूक चिकटलेलं. तो तरंगत तरंगत पलंगाच्या पायाला येऊन लागला. ज्या माणसाचा जन्म खाडीच्या काठावर झाला, त्याला भरती-ओहोटी कळू नये? पाणी संध्याकाळी गेलं होतं, सकाळी परत आलं होतं, एवढंच.

नवऱ्याच्या हातातला फोन खाली झुकला होता, त्यामुळे ओसरीवरच्या सगळ्यांना पलंगाचा पाय दिसला आणि नारळही दिसला. शेजारणी पुढे सरकल्या.

"तो कसो परत इलो?" सासूबाईंनी विचारलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाल्या की हिच्या नशिबातच नाही, देवाने दाखवून दिलं.

आमच्या फ्लॅटमध्ये मी नवऱ्याला तू म्हणते, सासूबाईंसमोर अहो. मी पाण्यातच उभी राहून म्हटलं, "अहो, आता सांगा. नाहीतर मी इथून एकटी परत जाईन."

त्याने नारळाकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. देवाच्या भीतीने की माझ्या, हे मी अजून विचारलेलं नाही.

"आये, दोष तिच्यात नाय गे. माज्यात आसा. डॉक्टरान कधीच सांगितल्यान."

"ह्यां तुका बायलेन शिकवल्यान?"

"नाय. तिना इतकी वर्सां लपवल्यान. माज्यासाठी."

 मग कॉल तुटला. दिराने तोडला की सासूबाईंनी, कळलं नाही. नवरा पलंगावर गुडघ्यांत डोकं घालून बसला. लोक म्हणतील, तेव्हा मी त्याला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. मला किळस येत होती, त्या पाण्याची, त्या नारळाची, आणि हे एक वाक्य तोंडातून काढायला एवढा घाणेरडा नारळ लागला याची. मी साबण घेऊन पाय धुवायला गेले, तर त्या भांड्यात अजून त्याचे मोजे होते.

नारळ त्याने पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकला. उरलेले दिवस आम्ही फिरलो, बोललो कमी. मस्कतला उतरलो तेव्हा बाहेरची कोरडी हवा नाकात गेली आणि मला खरोखर बरं वाटलं.

सासूबाईंचा त्यानंतर फोन नाही. नवरा कार्ड लावून फोन करायचा, दीर उचलायचा आणि आई शेतात आहे म्हणायचा. मी मनाशी धरून चालले होते की त्यांनी यातला एक शब्दही खरा मानला नाही. आणि मग फेब्रुवारीत रजेवरून आलेला एकजण दारात उभा राहिला. हातात लाल गाठोडं. तोच हिंग, तीच मुळी, आणि या वेळी सोबत सुका जवळा. मी नाकाला पदर लावला. तो म्हणाला, वहिनी, हे तुमचं नाही. हे दादाच्या उशाखाली ठेवायचं, असं काकूंनी तीनतीनदा बजावलंय.

त्या संध्याकाळी सासूबाईंचा स्वतःहून फोन आला. माझ्याशी काही बोलल्या नाहीत, माफी वगैरे तर सोडाच. स्पीकर लाव, असं त्यांनी आपल्या झिलाला, म्हणजे लेकाला, सांगितलं. तो गाठोडं हातभर लांब धरून उभा होता, नाक मुरडून. इतकी वर्षं त्याला हा वास कधी आला नव्हता.

"बा देवा म्हाराजा," त्या तिकडून मोठ्याने म्हणाल्या, "माज्या झिलात जो काय दोष आसात, तो दूर कर रे म्हाराजा."

तो माझ्याकडे बघू लागला. मी नाकावरचा पदर काढला.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.