तक्ता पाठ

इतक्या तयारीने डोळे तपासायला आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते बाकावर माझ्या शेजारी बसले होते. साक्रीकडचे. सोबत त्यांची सातवीतली मुलगी. आत पेशंट तक्त्यावरची अक्षरं मोठ्याने वाचत होते आणि इकडे हे मुलीकडून तीच अक्षरं पाढ्यांसारखी घोकून घेत होते.

“चष्मा लागना तं सोयरीक कोन करी, भाऊ?” मला म्हणाले.

डॉक्टर दोन-दोन पेशंट आत घेत, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. तक्त्याचा दिवा लागायच्या आधीच मुलीने शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून टाकली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “टीव्ही जवळून बघते का?”

“टीव्ही सरपंचना घर शे.”

“बाहेर खेळायला जाते?”

“नाव नका काढू. दिनभर पुस्तकमा नाक खुपशीसन बशी ऱ्हास,” ते अभिमानाने म्हणाले.

“घरात कोणाला चष्मा?”

“आम्हना घरमा? कोनलेच नही.”

त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ होते आणि सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची काडी डोकावत होती.

मुलीने ती काडी धरून चष्मा ओढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ समोर बघत राहिली.

“आबा, भीतवर घड्याळ शे.”

आबांनी वळून, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच विचारलं, “खरंच शे का हो, भाऊ?”