फिकी ओळ

प्रयोगशाळेत तपासणीच्या प्लेटवर रंग चढायला अर्धा तास लागतो. तोवर वैजयंता स्टुलावर भिंतीला टेकून बसते. डोळे मिटायचे नाहीत, असं स्वतःला बजावते आणि मेले मिटतातच!

सकाळचं भांडण अजून डोक्यात घोळतंय. लस टोचलेल्या पोरांच्या रक्तातल्या अँटीबॉडी डांग्या खोकल्याच्या बदललेल्या जंतूंना अजून ओळखतात का, हे ती तपासतेय. जंतूंचे आठ प्रकार, प्लेटवर आठ ओळी. सात ओळी पिवळ्याधमक, म्हणजे ओळख पक्की; आठवी तीनदा फिकी.

"ती ओळ अहवालातून काढ," प्रयोगशाळेचे प्रमुख खानोलकर सर म्हणाले. "ती दिसली तर लोक लसच घ्यायचे नाहीत. काढली नाहीस तर अहवालावर तुझं नाव नसेल."

दार ढकलून आई आत येते. आई म्हणजे सिंधू नर्सबाई. तीस वर्षं डोंगरातल्या वाड्या तुडवल्या तिनं, आणि जाऊन दोन वर्षं झालीत. खांद्याला लसींचा डबा, पायाला तांबडी माती.

"अगं, चपला बाहेर काढ!"

"बाहेर कुठंय इथं?" आई म्हणते. खरंच, टेबल संपतं तिथून नाचणीचं शेत लागतं. पुढं एक बंद झोपडं. आत पोर खोकतंय, श्वास ओढताना हूऽप करतंय. आई कडी वाजवते.

"सुईनं ताप येतो का?" आतून बाई विचारते.

"येतो. मांडी सुजेल, पोर रात्रभर किरकिरेल. पण या खोकल्यापेक्षा बरं."

दार उघडतं.

"पाहिलंस? मी कधी लपवलं नाही, म्हणून दारं उघडली," आई म्हणते. तिच्या हातात आता प्लेट आहे. ती उजेडात धरते. "फिकी आहे, कोरी नाही. ओळखतात की! मी टोचलेली पोरं मिशा फुटून भेटली, तर मलाही ओळखायला वेळ लागायचा. लागतो म्हणून सांगायचं. लाज कसली त्यात?"

"सर नाव काढतील गं."

"काढू दे! त्यांच्या मर्जीसाठी शिकलीस होय?"

आई वैजयंताचा डावा हातमोजा ओढून काढते आणि करंगळीच्या नखावर जांभळी रेघ मारते. सुई दिली की प्रत्येक पोराला मारायची. कार्ड हरवतं, नख नाही, हे तिचं पालुपद.

"झालं. आता रडायचं नाही."

घड्याळाची घंटा वाजते. वैजयंता दचकून उठते. दोन्ही हातमोजे हातांवर चढवलेलेच आहेत. आठवी ओळ चौथ्यांदा फिकी. कोरी नाही.

सर दारात उभे. "काढलीस?"

"नाही. काढणारही नाही. माझं नाव काढायचं तर खुशाल काढा, ओळ राहील."

अहवालावर सही करायला डावखुरी वैजयंता डावा हातमोजा उतरवते. करंगळीच्या नखावर जांभळी रेघ आहे, अजून ओली.