नाथाजींचं सूप आणि सुनेवरची पाळत

रहिमतपुरात आमच्या शेजारी राहणारे नाथाजी फौजेत चोवीस वर्षं आचारी होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण जीव अजून लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातच अडकलाय. विश्वास म्हणून कुणावर ठेवायचा नाही, हा त्यांचा पिंडच. दूधवाल्याचं दूध ते स्वतःच्या मापानं मोजून घेतात आणि मग स्वतःच्या मापावरही शंका घेतात.

यंदा त्यांच्या बायकोला, मनुबाईंना कावीळ झाली. कावीळ उतरली, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भाकरीचा घास घशाखाली उतरेना, गुरगुट्या भात पुढं आला की उमासे यायचे. वजन अडतीस किलोवर आलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मंगळवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. मनुबाईंनी त्या नळीची धास्तीच घेतली. नाथाजींनी त्याहून जास्त घेतली, फक्त बोलून दाखवलं नाही.

त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि चौकीवर आजारी जवानांना द्यायचे ते नूडल्सचं सूप केलं. पातेल्यातलंच चमचाभर चाखून मनुबाई म्हणाल्या, "ह्ये बरं हाय. सुळ्ळकन जातंय." एवढ्यावर नाथाजींना आभाळ ठेंगणं झालं.

पण दुसऱ्या दिवसापासून वाडगं मनुबाईंच्या खोलीतून जवळजवळ भरलेलंच परत यायला लागलं. आत नूडल्स फुगून लगदा. "गिळगिळीत लागतंय वो," म्हणून मनुबाई तोंड फिरवायच्या.

आता नूडल्सचा लगदा का होतो, हे नाथाजींना कोण शिकवणार? किंचित कच्च्या असतानाच उतरवायच्या, चाळणीत ओतून वर गार पाणी मारायचं, थेंबभर तेल चोळून वेगळ्या ठेवायच्या. वाढताना वाडग्यात नूडल्स, वर उकळतं सूप, आणि लगेच खायचं. हे सगळं ते करत होते. तरी लगदा! म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय किराणावाल्या बाळासोवर. दुकान बदललं, लगदा तोच. मग राहिली सून, संयोगिता. मुलगा ऋषिराज फौजेत, लांब नेमणुकीवर, त्यामुळं घरात तिघंच. वाडगं खोलीत न्यायची ती, परत आणायची ती.

"वाटंत परत गरम करत असंल," ते कुंपणापलीकडून मला म्हणाले. "न्हाईतर पाणी वतती."

"आवं, काय बोलताय? पोरीनं महिनाभर उशाशी बसून काढलाय."

"त्येच तर! एवढी सेवा कोण करतंय उगंच?"

अशा माणसापुढं चांगुलपणा केला तरी गुन्हाच.

सोड्यानं हरभरे मऊ पडतात, तशा नूडल्सही पडत असतील, म्हणून त्यांनी खायच्या सोड्याची डबी स्वतःच्या उशीखाली लपवली. शनिवारी आणि रविवारी वाडगं स्वतः नेऊन मनुबाईंच्या हातात दिलं. तरीही तेच. म्हणजे आपली पाठ फिरली की ही आत जाते!

सोमवारी, शेवटच्या दिवशी, त्यांनी वाडगं दिलं आणि बाहेर येऊन दाराच्या पडद्यामागं उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मनुबाई वाडगं मांडीवर धरून नुसत्याच बसलेल्या. मग संयोगिता दुसऱ्या दारानं आत आली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"आत्या, खावा की. रोज अर्धा तास नुसत्या बसताय, का त्ये तरी सांगा."

"त्ये जेवलं का?"

"न्हाई अजून."

"मग मी कशी जेवू? चाळीस वर्सांत त्ये घरात असताना तेंच्या आदी घास घेतला न्हाई मी."

"आवं, पण मामा तुमचं वाडगं परत आल्याबिगर ताटावर बसत न्हाईत. म्हणत्यात, आचारी समद्यांच्या शेवटाला जेवतो."

मनुबाईंनी वाडगं बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नगंस. आदीच जिवाला घोर हाय तेंच्या."

पडद्यामागं नाथाजींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मनुबाई रांधायच्या आणि ते आधी जेवायचे, तेव्हा कधी अडलं नव्हतं. आता आचारी ते झाले होते. दोघं एकमेकांच्या जेवणाची वाट बघत बसत होते आणि तेवढ्यात नूडल्स सूप पिऊन फुगत होत्या. "माझी मलाच लाज वाटली बगा," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. या माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

चाळणीत नूडल्स उरल्या होत्या. त्यांनी सूप पुन्हा उकळून दोन वाडगी भरली. संयोगिता दारात भेटली.

"पोरी, तुझ्यावर पाळत ठिवली हुती मी. चुकलं माझं."

"म्हाईत हाय, मामा. पडद्याखालनं पाय दिसत हुतं तुमचं. म्हणून तर आज मोठ्यानं इचारलं."

नाथाजी खाटेच्या कडेला बसले आणि मनुबाईंच्या देखत गरमागरम चार घास घशाखाली ढकलले. जीभ पोळली.

"जेवलासा?" मनुबाईंनी विचारलं.

"जेवलो."

"प्वाट भरलं?"

"भरलं," ते धडधडीत खोटं बोलले.

तेव्हा मनुबाईंनी चमचा उचलला. एक घास गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला त्यांनी वाडगंच तोंडाला लावलं. नाथाजी टक लावून बघत होते.

"असं काय बगताय?"

"आ कर," नाथाजी म्हणाले. "खरंच गिळलंस का, बगू दे."