प्रोसेसरवरचा लेप

दोन हजार चार-पाचचं साल असावं. नवरा बहरीनला एका कंपनीच्या गोदामात कामाला होता आणि मी विरारला, मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. सुट्टीवर आला तेव्हा तो कॉम्प्युटर घेऊन ठेवून गेला. वर कॅमेरा लावला, मेसेंजर कसा उघडायचा ते मला शिकवलं. शुक्रवारी त्याला सुट्टी. दुपारी तो खोलीतल्या सोबत्याच्या कॉम्प्युटरसमोर बसे, मी इथे बसे. मुलगी तेव्हा शाळेत असायची, ती त्याच्याशी रविवारी फोनवर बोलायची. शुक्रवार माझा.

फोनवर मला धड बोलता येत नाही. मी बालवाडी चालवायचे. दिवसभर चाळीस पोरांवर ओरडून माझा आवाजच तसा झालेला. रिसीव्हर कानाला लावला की मी हजेरी घेतल्यासारखी बोलते. गॅस आला, पाणी दोन दिवस नव्हतं, सोसायटीची मीटिंग झाली, मुलीला चष्मा लागला. तो म्हणतो, "ठीक आहे." प्रत्येक गोष्टीला ठीक आहे, एकाच सुरात. त्यातून काही कळत नाही. चेहरा दिसला की मात्र मला कळतं.

आणि त्या महिन्यात मला कळून घ्यायचं होतं. कंपनीने त्याला विचारलं होतं, आणखी दोन वर्षं राहणार का. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. कोणी विचारलं तर मी म्हणत होते, चांगली नोकरी आहे, राहू देत. खरं तर संध्याकाळी जिन्यात पुरुषमाणसाच्या चपला वाजल्या की माझा हात पोळपाटावर थांबायचा. चपला वरच्या मजल्यावर निघून जायच्या. मला तो घरी हवा होता. पण मी बोलावलं म्हणून आला आणि मनाने तिकडेच राहिला, असा माणूस मला नको होता. म्हणून त्याच्या तोंडाकडे बघून एकच विचारायचं होतं. तुम्हाला यायचंय का?

नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडायला लागला. नुसता चालू ठेवला तर चालायचा. कॅमेरा सुरू करून चित्र आलं की थोड्या वेळात आतला पंखा बैलासारखा फुसफुसायचा आणि खटकन सगळं काळं. हात लावला तर डबा तापलेला.

फुलपाड्याच्या कॉम्प्युटर दुकानदाराने डबा उघडून बघितला. प्रोसेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर, धातूचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये एक पेस्ट असते. तिच्यातून चिपची उष्णता ठोकळ्यात जाते आणि पंखा ती उडवून लावतो. आमची पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती.

"ठेवून जा काकू, पुढच्या आठवड्यात देतो."

"उद्या शुक्रवार आहे."

"मग?"

मग काय ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मी पेस्टची नळी मागितली. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी असते. ती पर्समध्ये टाकली, डबा रिक्षात घातला आणि घरी आले.

घरी आप्पा आले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. वटार गावात आमची वाडी, आणि तिथून ते केळी, फुलं असं काही ना काही घेऊन यायचे. त्यांची घरची बोली इथे सोपी करून लिहिते आहे. मी जुनी पेस्ट कापसाने पुसत होते तेव्हा ते शेजारी येऊन बसले.

"हे काय लावायचंय?"

"लेप आहे आप्पा. तापू नये म्हणून."

लेप हा शब्द ऐकल्यावर त्यांनी नळी माझ्या हातातून काढूनच घेतली. वाडीत आंब्याची-चिकूची फांदी छाटली की कापलेल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप लावतात. तो जाडच लावायचा. पाणी शिरता कामा नये, कीड शिरता कामा नये, लाकूड कुठे उघडं दिसता कामा नये. त्यांच्या हाताखाली गावातले लोक ते शिकले होते. त्यांनी चिपवर लेप दिला, ठोकळ्याच्या पोटाला दिला, कडा बोटाने बंद केल्या. मग दोन्ही सिलिंग फॅनखाली ठेवून म्हणाले, "जरा सुकू दे. ओल्यावर कधी काही बसवू नये."

मला ते पटलं. लहानपणापासून तेच बघत आले होते. तासाभराने ठोकळा बसवायला गेले तर तो त्या थरावर घसरत होता. एका बाजूची क्लिप लागली, दुसरी अर्धवट लागली. दाबून दिली.

शुक्रवारी तो समोर आला. गालफडं बसलेली दिसली.

"जेवता ना नीट?"

"जेवतो गं. तू बोल."

"अहो, एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"तुम्हाला..."

आणि खटकन काळं. आधी निदान थोडा वेळ चालायचा, आता तेवढाही नाही. पुन्हा लावला, पुन्हा गेला.

आप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "झाड असं कधी करत नाही," ते म्हणाले.

"झाड नाही ते, आप्पा."

"मग घरात ठेवलंस कशाला?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. पेस्ट कशी वाळली, आप्पांनी ती कशी लावली, क्लिप कशी लागेना. तो खूप हसला. मीही हसले. मग म्हणाला, "बाकी?"

"बाकी ठीक आहे."

"नक्की?"

"हो. आता डबा घेऊन दुकानात चाललेय."

तो म्हणाला, "बरं. ठेवतो."

दुकानदाराने पंखा उचलला आणि कपाळाला हात लावला. "काकू, इतना नहीं लगाते! पावाला मस्का लावलाय काय? जाड झाली की तीच आडवी येते, गरमी जाणार कुठून?" त्याने सगळं पुसून काढलं आणि नळी माझ्याकडे दिली. "तुम्हीच लावा, म्हणजे पुढच्या वेळी यायला नको." तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, मधोमध. पसरायचा नाही. ठोकळा सरळ खाली ठेवायचा, तो आपल्या वजनाने पसरवतो. दोन्ही क्लिपा टक् करून बसल्या. अवघं एवढंच काम होतं.

पुढच्या शुक्रवारी चित्र आलं ते राहिलं. पंखा शांत फिरत होता. मी इकडचं-तिकडचं काही न बोलता विचारलं.

"अहो, तुम्हाला यायचंय का?"

चित्र अडकत अडकत यायचं. तो खाली बघताना अडकला. बराच वेळ त्याचा भांगच दिसत होता. मग आवाज आला, "हो." मान वर आली तेव्हा मला जे बघायचं होतं ते दिसलं. कुठे शंका नव्हती.

"मग या."

"आता दोन वर्षांनी." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "काल सही दिली. फोनवर तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, तुला चालेल."

"बदलता येत नाही?"

"नाही गं."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एरवी यापुढे खटकन काळं झालं असतं आणि मी उठून कामाला लागले असते. आता ते होत नव्हतं. मशीन छान चालत होतं. तो तिथे बसलेला, मी इथे बसलेली, आणि बंद करायला काही कारण नव्हतं.

आतून आप्पांनी विचारलं, "टिकला का ग?"

"टिकला."

"बघ. माझाच लेप मुरला असेल. तू उगाच पुसून घेतलास."

त्या जाड लेपापायी एक शुक्रवार हुकला आणि तेवढ्यात सही झाली. त्यांना मी ते कधीच सांगितलं नाही. नवऱ्यानेही नाही.

"जेवलात का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग घ्या ना इथेच."

तो उठून ताट घेऊन आला. वरण-भात आणि कसलीशी भाजी. मी मेथीची जुडी घेऊन समोर बसले आणि निवडायला लागले. मध्येच चित्र थांबायचं. त्याचा घास हातात, तोंडापासून चार बोटांवर, तसाच राहायचा. तो घास तोंडात जाईपर्यंत मी मेथीचं पुढचं पान खुडत नसे.