आर्लीनची टोपी आणि तावारेसचा खांदा

माझ्या हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, लाकडी तुळईला दहा खिळे आहेत. दहा खिळ्यांना दहा टोप्या. लागोपाठ दोन वर्षं जो शेवटचा येतो, त्याची टोपी उतरते आणि तो आमच्या फँटसी लीगमधून बाहेर. त्याच्या जागेसाठी सात जण रांगेत उभे आहेत. हसू नका. आमच्या आयोवातल्या चेक लोकांच्या एवढ्याशा गावात, मका आणि डुकरं सोडली तर बोलायला दुसरं आहे काय?

खेळ साधा आहे. मार्चमध्ये प्रत्येकाने खरे बेसबॉल खेळाडू निवडून आपला कागदी संघ करायचा. ते मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. पिचरने चेंडू टाकून फलंदाजाला तीनदा चकवलं आणि बाद केलं, की एक गुण. त्या आठवड्यात कोण खेळणार याची चिठ्ठी शुक्रवारी चर्चची बाराची घंटा व्हायच्या आत लोणच्याच्या बरणीत टाकायची. घंटा झाली की झाकण बंद. हे सगळं मोबाइलवर करा, असं लोक मला सांगतात. करा की! आपापल्या दुकानात करा.

आर्लीन पोस्पिशिल ही त्या दहांतली एकटी बाई. तीस वर्षं शाळेची बस चालवते. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की मागच्या सीटवरचं पोर खोडी काढायच्या आधीच गप्प बसतं. मागच्या वर्षी ती शेवटची आली होती. त्यात जानेवारीत बसच्या पायरीवर बर्फावरून घसरली आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं. मार्चमध्ये संघ निवडायला आली ती हात गळ्यात बांधून, आणि निवडला कोणाला? एलिसेओ तावारेसला! चांगला पिचर, पण त्याच्याही उजव्या खांद्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालेलं.

व्हर्नन काडलेच हसून हसून लाल झाला. त्याचा पशुखाद्याचा धंदा आहे, आणि जीभ तिखट आहे. "आर्लीन, संघ निवडतेयस की दवाखाना उघडतेयस?"

"दवाखान्याची गरज तुझ्या संघाला आहे व्हर्नन, पण माझ्याकडे खाट एकच आहे."

मग टोप्या अडकवायची वेळ आली. आर्लीनचा खिळा कोपऱ्यात, शेल्फच्या आड. उजव्या हातानेच पोचता येतं तिथे. तिने डाव्या हाताने दोनदा धडपड केली, दोनदा टोपी पडली. शेवटी व्हर्ननच स्टूलवर चढला. "सैलच अडकवलीय हं. सप्टेंबरात काढायला त्रास नको."

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. आर्लीन मात्र मान खाली घालून कोटाची बटणं लावत बसली, तीही एका हाताने. बाकीचे गेल्यावर मला म्हणाली, "लूमीर, बसमध्ये पोरं असतात आणि घरी मांजर. मोठ्या माणसांशी भांडायला मला एवढीच जागा आहे रे." मला माझ्या हसण्याची अशी लाज वाटली की काय सांगू.

सारा उन्हाळा तिने तावारेसची प्रकृती स्वतःच्या खांद्यावरून जोखली. एप्रिलमध्ये म्हणाली, "अजून केस विंचरता येत नसतील त्याला." जूनमध्ये बातमी आली की तो हळूहळू चेंडू टाकायला लागला. ही म्हणाली, "घाई करतोय गाढव. मला अजून वरच्या फळीवरचा पिठाचा डबा काढता येत नाही." आणि खरंच, पंधरा दिवसांत त्याला पुन्हा थांबवलं. ऑगस्टमध्ये आर्लीन बसवर परत गेली, तावारेस नाही गेला. सगळ्या जाणकारांनी लिहून टाकलं की यंदा त्याची फँटसीत किंमत शून्य, सोडून द्या त्याला. त्याच्यापायी तिच्या संघातली एक जागा रिकामीच पडून होती आणि ती तळाशी होती.

मीही तेच म्हणालो. "अगं सोड त्याला! कुणीतरी धडधाकट माणूस घे."

"मला बस चालवता येत नव्हती तेव्हा मला सोडा म्हणाला असतास?"

मी खिळे तोलायला आत गेलो.

आमच्या लीगच्या शेवटच्या आठवड्यात तावारेसला त्याच्या मोठ्या संघाने सरावासाठी डॅव्हनपोर्टच्या छोट्या संघात पाठवलं. बुधवारी शाळा सुटल्यावर आर्लीन दुकानात आली आणि म्हणाली, "गाडी काढ." गेलो. त्याने तीन डाव चेंडू टाकले. वेग बेताचाच. मी म्हणालो, "झालं. संपला हा."

पण आर्लीन चेंडू बघतच नव्हती. तो बाहेर आला, कुणीतरी जॅकेट पुढे केलं. शेजारच्याशी गप्पा मारता मारता त्याने डावा हात आधी घातला, मग उजवा हात मागे फेकून न बघता बाही शोधली. आर्लीनने माझं मनगट असं आवळलं की मी ओरडलोच.

"बघितलंस? दुखरा हात आधी घालतात, लूमीर! जपून, दुसऱ्या हाताने ओढून. सहा महिने मी तेच केलं. ज्या दिवशी तो हात न विचारता मागे गेला, त्या दिवशी मी बरी झाले. हा बरा झालाय. वेग मुद्दाम राखून ठेवतोय."

बाहेर पडताना मागच्या दाराशी एका हॉटेलची गाडी उभी होती आणि मटणाच्या थाळ्या आत चालल्या होत्या. मोठ्या संघातला गडी परत जायच्या आधी छोट्या संघातल्या पोरांना जेवू घालतो, असा रिवाज आहे. आर्लीन थाळ्या मोजत नव्हती, नुसती हसत होती.

शुक्रवारी घंटा झाली, मी बरणी उघडली. आर्लीनच्या चिठ्ठीत पहिलंच नाव तावारेस. व्हर्ननच्या तोंडातला कोलाचे, म्हणजे आमचा जॅम भरलेला चेक गोड पाव, बाहेर आला. "अगं, तो अजून जखमींच्या यादीत आहे!"

तीन वाजता रेडिओने सांगितलं: तावारेस रविवारी खेळणार, फक्त पंचाहत्तर चेंडू. व्हर्ननने उरलेला कोलाचे कागदात गुंडाळून ठेवला.

रविवारी संध्याकाळी बाकीचे सामने आटोपले तेव्हा आर्लीन शेवटची, आणि तिच्या वर व्हर्नन, आठ गुणांनी पुढे. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीचा शेवटचा तोच शेवटचा. म्हणजे तिला नऊ हवे होते. शेवटच्या दिवशी तळाच्या दोघांच्या टोप्या गल्ल्यावर उतरवतात. तिची पिवळी आणि त्याची हिरवी शेजारी शेजारी पडल्या होत्या. दहाही जण रेडिओभोवती.

आणि काय टाकले हो त्याने चेंडू! चार डावांत सात जण चकवून बाद, एकसष्ट चेंडू. पाचव्या डावात पहिला फलंदाज झेल देऊन बाद झाला, त्याचा आपल्याला उपयोग शून्य. दुसरा तीनदा चकला. आठ! तिसरा मात्र चिवट निघाला. तीन चेंडू बाहेर, दोनदा चकला, एक फटका रेषेबाहेर. चौऱ्याहत्तर चेंडू झाले. आता एकच उरला. आर्लीनचा उजवा हात गल्ल्यावर होता आणि व्हर्नन, तोच व्हर्नन, डोळे मिटून "चकव रे, चकव" असं पुटपुटत होता.

"फिरला... चुकला! बाद! नऊ!" रेडिओवाला किंचाळला.

माझ्या दुकानातल्या रंगाच्या डब्यांनीसुद्धा उडी मारली असेल. मी साठी ओलांडलेला माणूस, बरणी कवटाळून नाचलो. आर्लीन नुसती रडत होती, उघडपणे, आणि कुणीही तिला रडू नको म्हणालं नाही.

व्हर्नन पहिल्यांदाच शेवटचा आला होता, म्हणजे त्याचीही टोपी यंदा वाचली. त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "चल, देतो अडकवून."

"तुझं स्टूल घरी ने."

तिने पिवळी टोपी उचलली, टाचा वर केल्या, उजवा हात शेल्फच्या आड सरळ वर घातला आणि टोपी खिळ्यावर घट्ट बसवली. मग त्याच हाताने व्हर्ननची हिरवी टोपी त्याच्या खिळ्यावर अडकवली.

"सैलच अडकवलीय हं, व्हर्नन. पुढच्या सप्टेंबरात काढायला त्रास नको."

सगळ्यात मोठ्याने व्हर्ननच हसला. मी स्टूल उचलून आत ठेवून आलो.